उकिडवं बसता यावं म्हणून

फरशीवाल्याचं उभं आयुष्य उकिडवं बसण्यात गेलं होतं. खोलीच्या मागच्या भिंतीपासून सुरुवात करायची, ताणलेल्या दोरीच्या रेषेत एकेक फरशी रबरी हातोड्यानं ठोकत बसवायची आणि तसंच बसल्या बसल्या दारापर्यंत मागे सरकत यायचं. "यांना सिंहासन दिलं तरी त्यावर उकिडवेच बसतील," असं त्याची बायको हसून म्हणायची.

एका अर्धवट इमारतीच्या जिन्यावर, खांद्यावर फरशांचा खोका असताना, त्याचा पाय सटकला. उजवा गुडघा पायरीच्या कडेवर आपटला आणि वाटी फुटली. डॉक्टरांनी ऑपरेशन करून तारेनं वाटी जोडली, पाय प्लास्टरमध्ये ठेवला. प्लास्टर निघालं तेव्हा मांडी इतकी बारीक झाली होती की ती आपलीच आहे हे त्याला खरं वाटेना. "हाड छान जुळलंय," डॉक्टर म्हणाले. "आता उद्यापासून फिजिओथेरपी. टाळाटाळ नको."

"म्हणजे चोळून घ्यायचं ना?" त्यानं बाहेर येऊन बायकोला विचारलं.

"तेच असेल," ती म्हणाली.

फिजिओथेरपीच्या खोलीत मात्र तेल नव्हतं, चोळणारा गडीही नव्हता. होत्या त्या एक किडकिडीत मॅडम. त्यांनी त्याला पलंगाच्या कडेला बसवलं आणि पाय स्वतःच हळूहळू वाकवायला सांगितला. गुडघा जेमतेम हलला आणि त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आत काहीतरी करकरल्यासारखं वाटलं. तार तुटली, याच खात्रीनं तो ओरडला.

"तार शाबूत आहे. सांधा आखडलाय, म्हणून ओढ बसतेय," मॅडम म्हणाल्या.

"त्या शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला मुंग्या आणणारी मशीन लावलीय. ती लावा की."

"तिनं दुखणं थोडं कमी होईल. गुडघा वाकवायचं काम तुम्हालाच करावं लागेल."

"मग तुम्ही कशाला आहात?" तो तडकला. मॅडमनी दिलेला व्यायामाचा कागद तिथेच ठेवून तो निघून आला.

घरी थोरली ताई येऊन राहिली होती. धाकट्या भावावर तिचा भारी जीव. त्याचा पडलेला चेहरा बघून तिचं पित्त खवळलं. "दुखतंय म्हणजे बिघडतंय, एवढं साधं कळत नाही त्या बाईला? तू आराम कर रे. हाड आपोआप धरेल." तिनं चादरीची घडी करून त्याच्या गुडघ्याखाली सारली. घडीवर पाय टेकला की फार बरं वाटायचं. तो दिवसच्या दिवस तसाच पडून राहू लागला. बायकोनं एकदा म्हणून पाहिलं, "अहो, पण डॉक्टर तर..." त्यावर ताई म्हणाली, "डॉक्टरचा गुडघा फुटलाय का?" विषय तिथेच संपला.

पुढे कुणीतरी एक नामांकित चोळणारा सांगितला. त्यानं कढत तेल लावून गुडघा असा रगडला की संध्याकाळपर्यंत तो सुजून लालबुंद झाला. सूज उतरायला बरेच दिवस गेले. उतरली तेव्हा फरशीवाला पलंगावरून उठून उभा राहिला. पाय पुरता सरळ होत नव्हता आणि पुरता वाकतही नव्हता. चादरीच्या घडीवर जसा ठेवला होता, तसाच तो आखडून बसला होता.

ठेकेदार भेटायला आला. चहा घेऊन इकडचं तिकडचं बोलला आणि जाता जाता, नजर चुकवत म्हणाला, "सध्या दुसऱ्याला लावलंय. तू बरा हो, मग बघू."

त्या दुपारी फरशीवाल्यानं न्हाणीघराची कडी आतून लावली. नळाला दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले आणि अंगाचा सगळा भार टाकून खाली बसायला गेला. बायको धावत आली तेव्हा आतून ऐकू येत होतं ते रडणं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. "अहो, कडी काढा," ती दाराशी बसून म्हणत राहिली. "उठता येत नाहीये गं," तो आतून म्हणाला. शेवटी तो फरफटत दारापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मॅडमच्या दारात उभा होता. त्यानं हात जोडले. "मोडायचा तर मोडा, पण वाकवा. मी ओरडलो तरी ऐकू नका."

"मोडायचा नाहीये, आणि ओरडलात तर मी ऐकणार," मॅडम म्हणाल्या. "व्यायाम थांबवल्यावर थोड्या वेळात दुखणं उतरलं, तर घाबरायचं नाही. सूज वाढली किंवा दुखणं मागेच लागलं, तर मला सांगायचं. आणि इथे येता तेवढ्यानं भागणार नाही. घरीही करायचंय, रोज."

"उकिडवं बसता येईल?"

मॅडमनी गुडघा चाचपून पाहिला. "मी खोटी आशा दाखवणार नाही. बराच वेळ हातचा गेलाय."

"तेव्हाच आलो असतो तर?"

"आता ते कशाला?" त्या एवढंच म्हणाल्या. त्याला उत्तर कळलं.

मग महिनोन्‌महिने तो पालथा पडून, घोट्याला टॉवेल अडकवून पाय मागे ओढत राहिला. कधी शिव्या घालत, कधी उशीत तोंड खुपसून. ताई ते बघवेना म्हणून आपल्या घरी निघून गेली. जाताना म्हणाली, "मी तुझ्या भल्याचंच बघत होते रे." त्यानं मान हलवली. तिच्यावर रागावण्याइतकंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

गुडघा सुटला, पण अर्धाच. जिना चढता येऊ लागला, खुर्चीवर नीट बसता येऊ लागलं. त्यापुढे मात्र गुडघा हटून बसला. डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशनचा विषय काढला, पण खात्री देईनात.

ठेकेदारानं अखेर त्याला भिंतींच्या फरशांचं काम दिलं. कमरेच्या वरच्या ओळी त्याच्या, खालच्या दुसऱ्या कारागिराच्या. पहिल्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून उभ्यानं काम करत होता. मागे जमिनीवर दुसरा माणूस उकिडवा बसून हातोडा ठोकत दाराकडे सरकत होता. फरशीवाल्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "कसं झालं?"

"झालं," तो म्हणाला, आणि टॉवेल घेऊन पालथा पडला.