मूपॉताईचा हात

थायलंडच्या सीमेवरच्या मेसोत गावात, आमच्या भटक्या कुत्र्यांच्या दवाखान्यात, शेवटची सुई द्यायची ती मदतनीस मूपॉताईनंच. जो वाचणार नाही, नुसता तडफडतोय, त्याची सुटका करायची सुई. आम्ही सगळे बुद्धाचे, जीव घेतला की पाप. ती डोंगरातल्या कारेन जमातीची, ख्रिस्ती. "तुमच्यात चालतं," असं कधीतरी कुणीतरी म्हणालं आणि तीच रीत पडून गेली. डॉक्टर थानिन औषध भरून द्यायचे आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे.

मी तिथली स्वयंपाकीण, कुत्र्यांसाठी भात आणि कोंबडीची मुंडकी शिजवते. मला वाटायचं, बाई दगडाची आहे. सुई देऊन आली की हात धुऊन माझ्याकडे भाताची खरवड मागायची, वर टोमणा, "लमायताई, तुझ्या हातचं खाण्यापेक्षा माझी सुई बरी गं." हसून हसून पोट दुखायचं.

परवा ती स्वतःचाच म्हातारा कुत्रा मोटारसायकलच्या टोपलीत घालून आली. मागचे पाय गेलेले, धाप लागलेली. नवऱ्यामागं घरात तेवढीच एक सोबत होती. त्याला टेबलावर ठेवून म्हणाली, "डॉक्टर, आज तुम्ही द्या. माझ्यानं होणार नाही."

डॉक्टरांनी गळ्यातला ताईत चाचपला. "अगं, तुला ठाऊक आहे ना आमचं. तुमच्यात चालतं."

"कोण म्हणालं?" ती हळूच म्हणाली. "सुई दिली की दिवसभर घास उतरत नाही माझ्या घशाखाली. खरवड नेते ती कोंबड्यांना टाकते."

इतकी वर्षं मी कौतुकानं तिला वाढून देत होते! तिनं एकेकाकडे पाहिलं, माझ्याकडेही. मी मेली मान खाली घालून हातातलं पातेलं पुसत राहिले.

शेवटी तिनंच दिली. मग त्याला टॉवेलात गुंडाळून टोपलीत ठेवलं, तिच्याकडे असायची ती औषधांच्या कपाटाची किल्ली टेबलावर टाकली आणि गेली.

आज सकाळी ट्रकखाली सापडलेली कुत्री आणली, कमरेखाली चेंदामेंदा. डॉक्टरांनी औषध भरलं आणि सुई हातात धरून तसेच उभे राहिले. कुत्री किंचाळत होती. आणि आम्ही सगळे पुण्यवान फाटकाकडे बघत होतो, मूपॉताईची मोटारसायकल येते का म्हणून.