मोजणीबाई

मोजणीबाई मुलं मोजायची ती प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून. शारजातल्या अल नहदामध्ये आमच्या बिल्डिंगखाली दुपारी स्कूल बस थांबली, की मुलांना सांभाळणारी ही उंच, सडपातळ बाई बसच्या दारात उभी राहायची आणि उतरणाऱ्या प्रत्येक डोक्याला तिचा तळवा लागायचा. ओठ हलायचे, आवाज नसायचा. ती युगांडाच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातली. माझ्या नवऱ्याने, मंदारने, तिला पहिल्याच आठवड्यात मोजणीबाई हे नाव दिलं आणि आमच्या घरात तेच राहिलं. ती मला ‘मामा इरा’ म्हणायची, म्हणजे माझ्या मुलीची, इराची आई. त्यांच्याकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात म्हणे.

मी घरून काम करते, त्यामुळे इराला घ्यायला मीच खाली जायचे. त्या जूनमध्ये एकदा सगळी मुलं उतरली आणि इरा दिसेना. बदली ड्रायव्हर होता, त्याला पुढच्या बिल्डिंगची घाई. “यल्ला, खलास, सब उतर गया,” म्हणत तो दार लावायला लागला. मोजणीबाई म्हणाली, “एक कमी आहे.” तो म्हणाला, बारा होते, बारा उतरले. ती खाली उतरली आणि बसच्या समोर जाऊन उभी राहिली. बाहेर पंचेचाळीस डिग्री. बंद बसमध्ये राहून गेलेल्या मुलांच्या बातम्या इथे प्रत्येक आईने वाचलेल्या असतात. शेवटी ड्रायव्हरने दार उघडलं. इरा मागच्या सीटखाली पडलेली बाटली काढायला वाकली होती आणि तिथेच झोपून गेली होती. मी तिला छातीशी धरून रडले. मोजणीबाई रडली नाही. तिने इराच्या डोक्यावर तळवा ठेवून मोजणी पुरी केली.

पुढे शुक्रवारी सकाळी पार्कात ती भेटायला लागली. जवळच एका खोलीत ती आणखी पाच जणींबरोबर राहायची. तिने मोबाईलवर मुलीचा फोटो दाखवला. बारा वर्षांची, आजीजवळ राहणारी. नाव अकेलो. मी हसून म्हटलं, “आमच्या हिंदीत अकेला म्हणजे एकटा.” ती म्हणाली, “नाही, नाही. अकेलो म्हणजे जुळ्यांच्या पाठीवर झालेली.”

“मग जुळी कुठे असतात?” मी विचारून गेले.

तिने मोबाईल पालथा ठेवला. ती गावच्या शाळेत पहिलीची बाई होती. एका सोमवारी वर्गात निम्मीच मुलं आली. मंगळवारी त्याहून कमी. ती शाळा सुटल्यावर घरोघर चालत गेली. प्रत्येक झोपडीत ताप आणि अंगभर पुरळ. गोवर होता. आरोग्य केंद्रातल्या फ्रीजचा गॅस संपलेला, लस खराब होऊन गेलेली, आणि आसपासच्या सगळ्या गावांना मिळून एकच नर्स. “मी दुसऱ्यांची मुलं मोजत फिरत होते,” ती म्हणाली, “आणि माझी दोन घरात तापत होती.” चार वर्षांच्या दोन मुली एकाच आठवड्यात गेल्या. अकेलो त्यानंतरची.

मग ती एकदम माझ्याकडे वळली. “इराचं लसीचं कार्ड आहे ना? पूर्ण?”

“हो,” मी म्हटलं.

ते खोटं होतं. गोवराचा एक डोस राहिलेला. शाळेतून लसीचा फॉर्म आला तेव्हा तिला सर्दी होती, मग आम्ही पुण्याला गेलो, मग राहिलंच. फॉर्म ड्रॉवरमध्ये पडला होता. त्या दिवसापासून तो ड्रॉवर उघडताना मला धास्ती वाटायची, आणि तरी मी तो नुसताच बंद करत होते.

मार्चमध्ये एका दुपारी मोजणीबाईची मोजणी चुकली. तिने मुलांना पुन्हा रांगेत उभं केलं, पुन्हा मोजलं, पुन्हा चुकली. इरा मला म्हणाली, “मम्मा, शी इज नॉट ओके.” गावातून निरोप होता: मुलं तापली आहेत, अंगावर पुरळ आहे, शाळा बंद. अकेलोला लहानपणी लस दिली होती, हे तिला आठवत होतं. पण एकदाच का दोनदा, ते आठवत नव्हतं, आणि कार्ड घराच्या गळक्या छपराखाली कधीच भिजून गेलं होतं. त्यानंतर तीन दिवस आजीचा फोन बंद.

चौथ्या दिवशी बसची फेरी संपवून ती आमच्या दारात आली. मी तिला आत घेतलं आणि खुर्चीवर बसले. गावच्या शाळेच्या हेडमास्तरांचा व्हॉइस मेसेज आला होता. तिने तो ऐकला नव्हता. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, “मामा इरा, आधी तू ऐक. वाईट असेल तर माझ्याकडे बघू नकोस. नुसती उठून आत जा.”

मी कानाला लावला. आधी वारा, कोंबड्यांचा आवाज, मग हेडमास्तरांचं सावकाश इंग्रजी. पहिली दोन वाक्यं मला कळलीच नाहीत. मोजणीबाई जमिनीवर बसली होती, डोळे माझ्या पायांवर. मी उठते का, तेवढंच बघत होती. मला पाय हलवायचीसुद्धा भीती वाटली.

“जिवंत आहे,” मी म्हटलं. “जिवंत आहे गं!” मराठीत म्हटलं, आणि तरी तिला कळलं. बाकीचं मग सांगितलं. अकेलोला सायकलच्या कॅरिअरवर बांधून केंद्रात नेलं होतं. ताप उतरत होता, पण डोळे सुजून मिटले होते आणि द्यायला औषध शिल्लक नव्हतं.

तिने दुसऱ्याच दिवशी रजा मागितली. सुपरवायझर म्हणाला, शाळेचं वर्ष संपेपर्यंत नाही. आत्ता गेलीस तर परत येऊ नकोस. “खलास,” म्हणून ती युनिफॉर्म त्याच्या टेबलावर ठेवून आली. त्याच दिवशी मी ड्रॉवर उघडला आणि इराला क्लिनिकमध्ये नेलं.

एअरपोर्टवर तिच्याकडे एकच बॅग होती. मी डोळ्यांची औषधं आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या दिल्या. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. मग सांगून टाकलं, “त्या दिवशी कार्डाबद्दल मी खोटं बोलले होते. आता दिली लस.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “तू फार पटकन ‘हो’ म्हणालीस.” रागाने नाही म्हणाली. मला जवळ घेतलं आणि वळून गेली. मला मात्र अजूनही मधूनच वाटतं, तिला माहीत होतं तर ती इतके महिने रोज माझ्या मुलीकडे कशा नजरेने बघत असेल.

आता ती पुन्हा शाळेत शिकवते. नर्स गावात येणार असेल, त्याच्या आदल्या दिवशी घरोघर जाऊन आयांना सांगून येते. अकेलोचा एक डोळा गेला, दुसरा वाचला. परवा मोजणीबाईचा व्हॉइस मेसेज आला. मागे मुलांचा कलकलाट होता.

“मामा इरा, अकेलो रोज सकाळी विचारते, आज जाणार का तू? मी नाही म्हणते. तिला खरं वाटत नाही. झोपताना माझ्या कपड्याचं टोक मुठीत धरून झोपते. शाळेचा पगार चार महिने झाला नाही. इथे लोक म्हणतात, आखातात पुन्हा बघ. बघावं लागेल, असं मलाही वाटतं. तिला हे मी सांगितलेलं नाही.”

मी तो मेसेज दोनदा ऐकला. उत्तर द्यायला बटण दाबून धरलं. “अकेलोला सांग,” म्हटलं. “तू फार पटकन ‘नाही’ म्हणत असशील, तिला कळतं.”