मालकाची पात

तणनाशकाचा उग्र वास आला की सोयाबीनचं ते वावर आठवतं. "आता तुमची गरज न्हाई," म्हणत मालकानं आम्हा खुरपणाऱ्या बायांना बांधावरूनच हाकललं होतं. मग दरसाल तो एकच औषध मारत राहिला. शेवटी तणातला केना त्या औषधानं मरेना, उलट गुडघाभर माजला, तेव्हा मालक दारात आला. मी म्हणाले, "येतो की. पण एक पात तुमी धरायची." भर उन्हात तो आमच्या ओळीत, वाट्याला आलेल्या पट्ट्यावर खुरपं घेऊन बसला. आम्ही मुद्दाम भराभर पुढं सरकलो. एरवी जिची पात मागं पडते, तिला बाकीच्या हात लावतात. "बायांनो, जरा हात लावा," तो मागून कळवळला. मी वळूनही न बघता म्हटलं, "औषध मारा की!" कधी कधी वाटतं, जरा जास्तच झालं, पण मग कुठूनतरी तो वास येतो.