हळदीची जागा

महेंद्र सरांना हुशार म्हणावं की हट्टी, हे इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसूनही मला ठरवता आलेलं नाही.

ठाण्यातल्या आमच्या ऑफिसातून एका बँकेचा मेनफ्रेम, म्हणजे तिची सगळी खाती ठेवणारा मोठा संगणक, सांभाळला जातो. नवी फाइल कुठल्या डिस्कवर जाऊन बसेल, याचे नियम सर लिहितात. हे नियम फाइलचं नाव बघतात. रोजची खाती वेगवान डिस्कवर, जुनीपुराणी संथ डिस्कवर, तात्पुरती असेल तर जिथे सगळं पुसलंच जातं तिथे. वापरणाऱ्याने फक्त नाव घ्यायचं; कुठली फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणारा कॅटलॉग ती शोधून देतो. सुट्टीच्या दिवशी सर डिस्कच्या डिस्क रिकाम्या करून दुसरीकडे हलवतात आणि सोमवारी बँकेत कुणाला गंधही नसतो.

"माणसाला जागा माहीत असायची गरजच काय?" असं म्हणताना त्यांची कॉलर अगदी ताठ व्हायची.

सरांचं घर दिवा स्टेशनजवळ. बायको शालनताई बालवाडीत शिकवायच्या. साठी गाठायच्या आतच त्यांना विसरण्याचा आजार जडला. आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं गेली, मग वार, मग स्टेशनचा रस्ता. स्वयंपाकघर तेवढं शाबूत राहिलं. सर ऑफिसला गेले की त्या आपला चहा करायच्या, वरणभात टाकायच्या. आईला आता अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवू या, असा मुलाचा, प्रशांतचा, पुण्याहून धोशा होता.

"ती स्वतःचा चहा स्वतः करतेय ना? तोवर ती कुठेही जाणार नाही," सर त्याला फोनवर सांगायचे.

मग एकदा ताईंना साखर सापडेना. सरांनी रजा टाकून अख्खं स्वयंपाकघर नव्याने लावलं. रोजचं खालच्या फळीवर, कधीमधीचं वर, प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरात चिठ्ठी. मला मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाले, "आता नाव वाचलं की झालं, मेघना."

दुसऱ्याच दिवशी सरांना ऑफिसात त्यांच्या शेजारच्या विमलाबाईंचा फोन आला. शालन ओट्याशी उभी राहून रडतेय म्हणाल्या. ताईंचा हात सवयीने गॅसच्या डावीकडे जात होता आणि रिकामा परत येत होता. चिठ्ठ्या त्यांनी बघितल्याही नव्हत्या. नावं त्यांच्याकडून केव्हाच गेली होती. उरली होती ती जागा, आणि नेमकी तीच सरांनी हलवली होती. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

रविवारी डबे पूर्ववत लावायला मी दिव्याला गेले. ऑफिसात जुन्या मांडणीची प्रत काढल्याशिवाय हा माणूस एक फाइल हलवत नाही. घरात मात्र कुठला डबा कुठे होता, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आठवून आठवून आम्ही लावत गेलो. हळदीशी दोघंही अडलो.

सरांनी डबा पुढे धरून हळूच विचारलं, "शालन, हळद कुठे असायची गं?"

ताईंनी डब्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. कानामागे केस सारखे केले आणि परक्या घरी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या, "मला नाही हो माहीत. घरातल्या बाईंना विचारा ना. येतीलच त्या आता."

"बरं," सर म्हणाले.

संध्याकाळी त्यांनीच प्रशांतला फोन लावला.