सोळा टीबी आणि तांदळाचा एक दाणा

आमच्या घरातली सोळा टीबी, म्हणजे सोळा टेराबाइट, जागा आईने तांदळाच्या एका दाण्याने आणि मी एका बोटाने रिकामी केली. (दाण्याचं निभावलं असतं. बोटाचं नाही.)

एवढी जागा लागली कशाला, ते आधी सांगते. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. चाळ पडली, तिथे टॉवर चढतोय, तोवर आम्ही परळला भाड्याने राहतो. बाबा एका शाळेत लॅब असिस्टंट होते, पण चाळीत त्यांची ओळख ‘कॅमेरावाले परब’ अशीच. गणपतीतले कार्यक्रम त्यांनी अठरा वर्षं शूट केले. ते सगळं सहा जुन्या हार्ड डिस्कवर, बिस्किटाच्या डब्यात. त्यातल्या दोन टक-टक वाजायला लागल्या होत्या.

आणि त्या अठरा वर्षांत दत्ताकाका होते. शेजारच्या खोलीतले, बाबांचे जिवलग. दरवर्षी कोकणातल्या खेळ्यांतला संकासूर होऊन नाचायचे. स्टेजवर मुखवटा काढायचे नाहीत आणि स्टेजखाली फोटोला उभे राहायचे नाहीत. एकदाच, कुठल्याशा वर्षी, त्यांनी स्टेजवरच मुखवटा काढला होता. ते गेले, त्याला दोन वर्षं झाली. आता दसऱ्यानंतर चाळकऱ्यांचं संमेलन ठरलं, तेव्हा बाबा त्यांच्या बायकोला, सुनंदाकाकूंना, सांगून बसले, “वहिनी, दत्ताला पडद्यावर दाखवतो. तोंड दिसेल असा.”

म्हणून नवं स्टोरेज. चार डिस्क एकत्र बसतील असा डबा. निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इंग्रजी मीडियमची आणि कोणाशी बोलत नाही, म्हणजे हुशार असणार, असा घरात समज आहे. तीन आठवडे रिव्ह्यू वाचून मी वहीत एकच शब्द लिहिला: ‘मिरर’. दोन डिस्कवर माल, उरलेल्या दोनवर त्याचीच नक्कल. एक मेली तरी दुसरी आहे.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारानेही तेच सांगितलं. “सोळा टीबी आहे काका, मिररमध्ये आठ मिळेल.”

“आणि आठ कुठे गेले?” बाबांनी विचारलं.

“सेफ्टीला.”

रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा बसून बसून बाबा आता कुठलाही आकडा विश्वासाने ऐकत नाहीत. ते माझ्याकडे वळले. “सायली, हा सोळा बिल्टअप सांगतोय. कार्पेट आठच आहे!”

“काका, दुसरी पण सिस्टीम आहे. बारा मिळेल.”

“म्हणजे लोडिंग पंचवीस टक्के. पूर्ण सोळा मिळणारी आहे का?”

“आहे, पण एक डिस्क गेली तर सगळंच गेलं.”

“एकशे साठ फुटांत सहा माणसं राहिलो आम्ही. काही गेलं नाही!” बाबा म्हणाले. “काय गं, सायली?”

इथे मी वही उघडायला हवी होती. वहीतला शब्द मोठ्याने वाचायला हवा होता. दुकानात तीन गिऱ्हाईकं आमच्याकडे बघत होती. मी म्हणाले, “हं.”

चाळीतल्या माणसाला एकाच वस्तूचे दोन नग घरात सहन होत नाहीत. दुसरी कढई आली की पहिली कोणाच्या तरी घरी जाते. त्यामुळे कॉपी पूर्ण झाली त्याच दिवशी बाबांनी जुन्या डिस्क पुसून भाच्यांना वाटून टाकल्या. “जागा कशाला अडवायची?” (डिस्क हाताच्या तळव्याएवढ्या होत्या.) मी काय म्हणाले असेन? हं.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा होते. मिक्सर, शिलाई मशीन, बाबांचा कॅमेरा. मी आंघोळीहून आले तर पाटावर चार डिस्क ओळीने मांडलेल्या! प्रत्येकीवर हळद-कुंकू, अक्षता आणि एकेक झेंडूचं फूल. भिंतीशी नवा डबा दात पडल्यासारखा रिकामा, आणि चालू!

“आई! ह्या बाहेर का काढल्यास?”

“कप्पे होते, ओढून काढलंय. आत केवढी धूळ!”

“ते चालू होतं!”

“माका काय म्हायत? मिक्सरसारखी घरघर करणारी वस्तू, एक बटण तरी असायला नको त्याला?”

मी डिस्क पुसून परत आत सरकवल्या. तीन बसल्या. चौथी जरा पुढे राहिली आणि तिचा दिवा लाल झाला. मी लॅपटॉप उघडून बसले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचं कुळकर्णी दांपत्य आपट्याची पानं घेऊन आलं. “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा! काय झालं हो?” मग आई, बाबा आणि कुळकर्णी दांपत्य असे चौघे माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. कोणी मागे उभं असलं की मला माझं नावही नीट टाइप करता येत नाही.

स्क्रीनवर इंग्रजीत सहा ओळींचा मजकूर आला. शाळेत मला कॉम्प्रिहेन्शनला पैकीच्या पैकी असायचे. पहिली ओळ वाचली: एक डिस्क सापडत नाही, नव्याने मांडणी करायची का?

“काय विचारतोय?” बाबा.

“ओके म्हण की,” कुळकर्णीकाका. “आमचा मुलगा नेहमी ओकेच म्हणतो.”

मी ओके म्हटलं. सहावी ओळ त्यानंतर वाचली. सगळा डेटा कायमचा पुसला जाईल.

पुसला गेला. तीनही डिस्क एकत्र येऊन कोऱ्या करकरीत झाल्या. चौथी मी बाहेर ओढली, तर तिच्या कप्प्याच्या तळाशी एक तांदळाचा दाणा अडकलेला. कुंकू लावलेला. तो चिमट्याने काढला असता तर सगळं होतं तसं परत आलं असतं!

रिकव्हरीवाल्याने दीड महिना मागितला आणि वर “गॅरंटी नाही” म्हणाला. संमेलन नऊ दिवसांवर. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “वहिनींना काय सांगू?” आणि कॅमेऱ्यावरचं कुंकू पुसत बसले.

आईच शेवटी बोलली. “अगो, पण हे दरवर्षी घरोघरी सीडी वाटायचे ना, प्रसादाबरोबर? त्या काय लोकांनी खाल्ल्या?”

सीडी लोकांकडे होत्या. प्रश्न एवढाच होता, की लोकांना फोन कोणी करायचा. पुसलं कोणी? मी! मी कागदावर संवाद लिहून काढला आणि लालबागच्या सावंतकाकूंना फोन लावला.

“हॅलो काकू, मी सायली परब बोलतेय.”

“कोण सायली? ती न बोलणारी?”

कागदावर ह्याचं उत्तर नव्हतं.

“अगं, म्हणजे तू बोलतेस! अहो, ऐकलंत का, परबांची मुलगी बोलते!”

पुढच्या आठ दिवसांत मी लालबाग, काळाचौकी, शिवडी पालथी घातली. तेवीस घरं, तेवीस चहा आणि प्रत्येक घरात “किती बारीक झालीस!” सीडी कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या शिलाईच्या डब्यात. एकीने त्यांची माळ करून गच्चीत कबुतरं हाकलायला टांगली होती. (ती चालली!) अठरापैकी चौदा वर्षं जमली. पण मुखवटा काढलेले दत्ताकाका मिळेनात.

शनिवारी शिवडीच्या राणेमामी म्हणाल्या, “दत्ताभावजींनी मुखवटा काढलेला ना? अगं, तुझ्या नारळाच्या झाडाची सीडी ती! माझं मन उदास झालं की लावते मी.”

“माझ्या कसल्या झाडाची?”

त्यांनी लावली. मी सहा वर्षांची. फॅन्सी ड्रेसमध्ये नारळाचं झाड. अंगभर गोणपाट, डोक्यावर झावळ्या, गळ्यात तीन नारळ. माइकसमोर उभी राहून मी म्हणते, “मी नारळ. आय ॲम व्हेरी यूजफुल.” आणि बंद पडते. पुढची चार मिनिटं झाड हलत नाही, बोलत नाही, स्टेजवरून उतरतही नाही. मग विंगेतून संकासूर येतो. झाड किंचाळतं. संकासूर घाईघाईने मुखवटा काढतो, गुडघ्यावर बसतो आणि म्हणतो, “अगो चेडवा, मी गो, दत्ताकाका.” घामाने भिजलेलं, हसरं तोंड, अगदी कॅमेऱ्यासमोर. मग तो झाडाला उचलून घेऊन जातो.

ती चार मिनिटं मी कापू शकत होते. सॉफ्टवेअर होतं, शनिवारची आख्खी संध्याकाळ होती. पण मी इतका वेळ गप्प उभी राहिले, म्हणून तर काकांनी मुखवटा काढला. नुसते काका दाखवले असते, तर त्यांनी तो का काढला, हे कोणाला कळणार?

रविवारी हॉलमध्ये दीडशे माणसांसमोर ते सगळं लागलं. सुनंदाकाकू पहिल्या रांगेत. काकांचं तोंड दिसलं तशा त्या हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला आणि मागे वळून म्हणाल्या, “परत लाव गं. पहिल्यापासून.”

आम्ही ते सात वेळा लावलं. काका प्रत्येक वेळी अर्धा मिनिट दिसले. नारळाचं झाड एकूण अठ्ठावीस मिनिटं.