गाडी आवारातच उभी होती

कोर्टाच्या बातम्या करणाऱ्याच्या डोक्यात अडगळ फार साठते. पेपरला लागतात चार ओळी. 'ट्रकच्या धडकेत दुचाकीस्वार ठार, चालक फरार.' मेलेल्याचं नावसुद्धा डेस्कवाले जागा नाही म्हणून उडवतात आणि त्याच पानावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फोटो तीन कॉलम! यावरून मी प्रत्येक संपादकाशी भांडलोय. उरलेलं सगळं परभणी कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर साठतं. अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांतले वकील, त्यांना दावे आणून देणारे एजंट, पंच, सगळ्यांची बैठक तिथंच. ते सांगतात, मी ऐकतो.

त्यातल्या एकाच दाव्याचं सांगतो. ताडकळसच्या महानंदाबाईंचा. त्यांचे मिस्टर किराणा दुकानदार. झरीहून मोटारसायकलवर परत निघाले होते. मागून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक आला आणि त्यांना चिरडून निघून गेला. आमच्या पेपरात चार ओळी आल्या. अर्थातच नाव नव्हतं.

*

अपघात झाला की सरकारी दवाखान्यात नातेवाईक पोचायच्या आत एजंट पोचतो. त्याला खबर कोण देतं, हे पोलिसांना माहीत नाही. असं पोलीस सांगतात.

महानंदाबाईंना तिथं एजंटानं हात जोडून सांगितलं, "वहिनी, रडा. रडायलाच पाहिजे. फक्त त्याच्या आधी इथं सही करा."

असे तीन एजंट तीन वकीलपत्रांवर सह्या घेऊन गेले. पहिल्या तारखेला एका बाईसाठी तीन वकील उभे राहिले आणि एकमेकांना म्हणायला लागले, "ह्या माझ्या पक्षकार आहेत!"

न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, यातले तुमचे वकील कोण?"

बाईंनी तिघांना खालीवर पाहिलं. "यातल्या एकानं बी मला सकाळपासून पाणी इचारलं न्हाई. त्या तिकडच्या म्हाताऱ्यानं इचारलं."

तिकडचा म्हातारा म्हणजे काझी वकील. ते दुसऱ्याच केससाठी आले होते. बाई व्हरांड्यात बसलेल्या दिसल्या म्हणून त्यांनी बाटली पुढं केली होती. "पहिले पानी पिओ अम्मा, कोर्ट कहीं भागता नहीं." तेवढ्यावर दावा त्यांच्या गळ्यात पडला.

*

ट्रक मानवतच्या नागनाथअप्पांचा. अप्पा कापसाचे व्यापारी, बोलायला गोड. त्यांचा लेखी जबाब आला: त्या दिवशी आमची गाडी जिनिंग मिलच्या आवारातच उभी होती. मयत इसम दारू पिऊन स्वतःच रस्त्यावर पडला असावा.

काझींनी वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "त्यांनी चहा बी सोडला होता, वकीलसाहेब. मला पैसा मिळो न मिळो. हे दारूचं पुसून द्या."

तेव्हापासून काझींच्या लेखी दावा एवढाच होता. भरपाई ज्या ट्रकच्या विमा कंपनीनं द्यायची, तिला हे शेवटपर्यंत समजलं नाही. ती आपली तडजोडीचे निरोप पाठवत राहिली.

*

बाईंची साक्ष. न्यायाधीश म्हणाले, "मयताचं नाव सांगा."

"कागदावर हाय साहेब."

"तुम्ही सांगा."

"आमच्यात बाया धन्याचं नाव घेत न्हाईत."

विमा कंपनीचे वकील ताडकन उठले. "अर्जदाराला मयताचं नावच सांगता येत नाही, याची नोंद व्हावी!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "तुमच्या मिसेस तुम्हाला नावानं हाक मारतात का?"

"त्या मला हाकच मारत नाहीत, सर."

याची नोंद झाली नाही.

*

हेच वकील पुढं म्हणाले, "दहनाची पावती दाखल नाही."

बाई म्हणाल्या, "आमी लिंगायत. आमच्यात जाळत न्हाईत, पुरतात. बसवून. जंगम येऊन सगळा विधी करतेत."

"बसवून?" वकिलांना संशय आला. "मग मृत्यू झाला होता, हे कशावरून?"

पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर पडला होता! त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला होता.

बाई शांतपणे म्हणाल्या, "शेतातच हाय साहेब. येऊन बघा. उठले तर मला बी सांगा."

*

मग पंचाची उलटतपासणी. आपल्याकडं पोलिसांचे पंच ठरलेले असतात. हा पंच पोलीस ठाण्यासमोरचा चहावाला. कागदोपत्री तो जिल्ह्यातल्या प्रत्येक अपघाताच्या जागी हजर असतो, तरी त्याची टपरी कधी बंद दिसत नाही.

विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "घटनास्थळी ट्रकचा उडालेला रंग सापडला, असं पंचनाम्यात आहे. तुम्ही पाहिला?"

"न्हाई जी."

"मग काय पाहिलं?"

"मी चहा घेऊन गेलतो. साहेब म्हणले, गिलास ठेव आन् सही कर."

पंचनामा गेला.

राहिला झरीचा एकुलता एक साक्षीदार. शेळ्या चारताना त्यानं धडक पाहिली होती, पोलिसांना ट्रकचा नंबरही सांगितला होता. कोर्टात तो नवीन शर्ट घालून आला आणि म्हणाला, "त्यो ट्रक आमच्या मालकाचा नव्हता."

काझींनी विचारलं, "मालक कोण?"

"नागनाथअप्पा. दिवाळीपासून त्यांच्याच गाडीवर क्लीनर हाय मी."

संध्याकाळी टपरीवर काझींनी चहा तसाच ठेवला. "अब क्या करते हो?" मी विचारलं. ते म्हणाले, "आता अप्पांशीच गप्पा मारायच्या."

*

नागनाथअप्पा साक्षीला आले. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरं धोतर. शपथेवर सांगितलं, "गाडी आवारातच उभी होती. मयताला मी वळखत न्हाई. दाव्याची नोटीस येईस्तोवर नाव बी कधी ऐकलं नव्हतं."

काझी उठले. अपघाताचा शब्द काढला नाही.

"अप्पा, गाडीची पूजा करता?"

"करतो की. दर अमावस्येला नारळ."

"माशाअल्लाह. गाडी आता चालू आहे?"

"हाय."

"जुनाच ड्रायव्हर?"

"त्यो गेला सोडून. नवा लावला."

"लगेच मिळाला?"

"कुठला लगेच! लय तरास झाला. चावी हातात घेईना कुणी."

"का हो?"

"म्हणायलेत, अप्पा, शांती करून घ्या, मगच स्टेअरिंगला हात लावतो."

"मग?"

"मग काय, केली. तशी कशी काढायची गाडी रस्त्यावर? आमी काय देवाधर्माची माणसं न्हाईत?"

विमा कंपनीचे वकील ओरडले, "ऑब्जेक्शन!"

न्यायाधीश म्हणाले, "कशाला?"

वकिलांनी थोडा विचार केला आणि खाली बसले.

काझीही बसले. तेवढ्यात मागच्या बाकावरून महानंदाबाई उठल्या. "साहेब, मी एक इचारू का?"

काझींनी मान डोलावली. न्यायाधीशांनी अप्पांकडं पाहिलं आणि म्हणाले, "विचारा."

"अप्पा, तुमी बी आमच्यातलेच. शांतीला जंगमच बसला असंल. गेलेल्या माणसाचं नाव घेतल्याबिगर त्यो विधी पुढं नेत न्हाई. गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगा, नाव कुणाचं घेतलं?"

अप्पांचा हात सदऱ्याच्या आत गेला, तो तिथंच राहिला.

मग अप्पा खाली बघत म्हणाले, "शिवलिंगअप्पा बसलिंगअप्पा. मुक्काम ताडकळस."