लाल स्टिकर आणि लंडनचा पत्ता

इचलकरंजीत आमच्या आप्पांना उद्या काम आहे की नाही हे आदल्या दिवशी कधीच कळायचं नाही. ते यंत्रमागावर कामगार होते. सूत महागलं की माग बंद. कापड उचललं गेलं नाही की माग बंद. शिफ्ट सुटताना ते दिवाणजीला विचारायचे, "उद्या चालू?" दिवाणजी मान वर न करता म्हणायचा, "बघू." त्या एका शब्दावर आमचं घर चालायचं. आई दळण टाकायचं की नाही ते त्यावरून ठरवायची. दहावीच्या सहलीला मी दोनदा नाव दिलं आणि दोनदा जाऊन खोडून आले.

त्या घरातून मी बी.फार्म. झाले. माझ्याआधी आमच्यात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी कुणी न विचारता सांगते आणि सांगत राहणार.

त्यामुळे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या आमच्या फॅक्टरीत, क्रेग खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "लेट्स वेट अँड सी," तेव्हा माझं डोकं फिरलं.

क्रेग आमचा मॅनेजिंग डायरेक्टर. आम्ही कमी दिवसांच्या बाळांसाठी नळ्या बनवतो. जे बाळ अजून दूध ओढू शकत नाही, त्याच्या नाकातून पोटापर्यंत जाणारी बारीक नळी. मी तिथे क्वालिटी आणि रेग्युलेटरी बघते. म्हणजे नळी नीट बनली का, आणि ती ज्या देशात जाणार तिथले कागद नीट आहेत का. माझी सही झाल्याशिवाय एकही बॅच दाराबाहेर जात नाही. ही सही क्रेगलाही करता येत नाही.

आमचा निम्मा माल युरोपात जायचा. तिथे विकायचा तर बॉक्सवर सीई हा शिक्का लागतो. त्याशेजारी चार आकडी नंबर असतो. ज्या संस्थेनं आम्हाला तपासून सर्टिफिकेट दिलं, तिचा. खाली एक पत्ता असतो, युरोपियन युनियनमधल्या आमच्या प्रतिनिधीचा. आमचा नंबर ब्रिटिश संस्थेचा आणि पत्ता लंडनचा. वर्षानुवर्षं उत्तम चाललं होतं. मग ब्रिटननं युनियन सोडायचं ठरवलं. काही करार न होता ते बाहेर पडले, तर त्या दिवसापासून तो नंबर आणि तो पत्ता, दोन्हीला युरोपात किंमत नाही. नळी तीच, बाळ तेच, पण बॉक्स बेकायदा.

हे मी क्रेगला दीड वर्ष आधी लिहिलं होतं. कसं लिहिलं, ते सांगायला हवं, कारण तिथे चूक माझी होती. इथल्या ऑफिसात वाईट बातमी थेट कुणी देत नाही. आधी वीकेंड कसा गेला ते विचारायचं. मग बार्बेक्यूबद्दल थँक्स. मग शेवटी, जाता जाता सुचल्यासारखं, मुद्दा. मी ती पद्धत मन लावून शिकले होते. माझ्या मेलच्या चौथ्या परिच्छेदात होतं की युरोपच्या सर्टिफिकेटकडे कधीतरी एक नजर टाकलेली बरी. क्रेगचं उत्तर दोन शब्दांचं आलं, "स्वीट ॲज." म्हणजे मस्त, चालू दे. त्यानं नजर टाकली नाही. मी पुन्हा तसाच एक गोड मेल लिहिला. पुन्हा स्वीट ॲज. यात वर्षाच्या वर गेलं.

जानेवारीत ब्रिटनच्या पार्लमेंटनं करार फेटाळला. बाहेर पडायची तारीख मार्चअखेरची. लंच रूममधल्या टीव्हीवर ते खासदार ओरडत होते. या ठरावाला नाही, त्या ठरावाला नाही, आणि हवं काय ते मात्र सांगत नव्हते. त्याच दुपारी मला कळलं की क्रेगनं वर्षभराचे बॉक्स छापायला टाकलेत. लंडनच्या पत्त्यासकट.

मी त्याच्या केबिनमध्ये गेले.

"क्रेग, हे बॉक्स एप्रिलपासून रद्दी आहेत."

"रिलॅक्स. शेवटच्या क्षणी ते काहीतरी डील करतील. नेहमी करतात. शी विल बी राइट, होईल सगळं ठीक."

"आणि नाही केली तर?"

"लंडनवाला म्हणतोय काळजीचं कारण नाही."

"त्याचाच पत्ता रद्द होणार आहे. तो दुसरं काय म्हणेल?"

क्रेग हसला. मग थोडा गंभीर झाला. "हे बघ, तू खूप चांगलं काम करतेस. पण हल्ली तू जरा ॲग्रेसिव्ह वाटतेस. लोकांना टेन्शन येतं."

लोकांना टेन्शन! दुसऱ्या शिफ्टला, दुपारी तीन ते रात्री अकरा, पॅकिंगवर चौदा माणसं होती. ती शिफ्ट फक्त युरोपच्या ऑर्डरसाठी लावली होती. ऑर्डर गेली की शिफ्ट गेली. त्यांना टेन्शन येऊ नये म्हणून त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

मी शोध सुरू केला. पहाटे साडेचारला अल्बनीच्या घरून निघायचे, बस स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी लावायचे आणि तिथूनच युरोपला फोन करायचे. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. पाच संस्थांनी दार लावून घेतलं, नवीन गिऱ्हाईक नको म्हणाल्या. सहावी नेदरलँड्समधली. तिथल्या बाई म्हणाल्या, रांग आहे, पण जुन्या संस्थेकडून बदली करून घ्यायची असेल तर लवकर होईल. कागदावर तीन सह्या हव्यात. त्यांची, जुन्या संस्थेची आणि तुमच्या डायरेक्टरची. पहिल्या दोन मी दहा दिवसांत मिळवल्या. तिसरी माझ्यापासून तीस पावलांवर बसत होती.

"दोन आठवड्यांत ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये पुन्हा व्होट आहे," क्रेग म्हणाला. "तेवढं बघू."

फेब्रुवारीच्या मध्याला एक मोठी शिपमेंट बोटीनं निघायची होती. बोटीला सहा-सात आठवडे लागतात. नियम असा की तारखेआधी माल तिकडच्या बाजारात उतरलेला असेल तर चालतो. समुद्रात असलेला माल उतरलेला धरत नाहीत. म्हणजे हा माल पोचेपर्यंत बेकायदा होणार, हे मला कागदावर सरळ दिसत होतं. आणि सही माझी मागत होते.

मी सही केली नाही. वेअरहाउसमध्ये गेले आणि बॉक्स रचलेल्या सगळ्या पॅलेटवर होल्डचे, म्हणजे माल रोखल्याचे, लाल स्टिकर लावले. लाल स्टिकर लागलेल्या मालाला कुणी हात लावत नाही, फोर्कलिफ्टसुद्धा बाजूनं जाते.

पहिली माझ्यावर चालून आली ती मेले नावाची बाई. दुसऱ्या शिफ्टची लीडर, पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरची. माझ्याहून एक फूट उंच.

"काय केलंस तू हे? आमच्या हातचं काम खराब आहे?"

"काम उत्तम आहे. पत्ता खराब आहे."

"म्हणजे?"

तिला मी सगळं सांगितलं, पॅलेटवर बोट ठेवून. वीकेंड कसा गेला ते विचारलं नाही. ती म्हणाली, "हे तुला कधीपासून माहितीये?"

"दीड वर्ष."

"आणि आम्हाला आज सांगतेस? तू पण त्यांच्यातलीच की!"

ते लागलं. अजूनही लागतं. तिचं खरं होतं.

संध्याकाळी आप्पांना फोन केला. ते ब्रेक्झिट वगैरे जाणत नाहीत. मी म्हटलं, मालक थांबा म्हणतोय.

"तेचं काय जातंय थांबायला?" आप्पा म्हणाले. "सही तुझी हाय न्हवं?"

"माझी आहे. पण आप्पा, नोकरी जाईल."

"जाईल तर जाईल. सही दिऊन गेली तर काय करशील? आमच्याकडं सही न्हवती म्हणून आम्ही दारात हुबं ऱ्हायलो."

दुसऱ्या दिवशी मी क्रेगला मेल लिहिला. पहिल्या ओळीत होतं: हा माल बोटीनं गेला तर युरोपात विकता येणार नाही आणि मी सही करणार नाही. दुसऱ्या ओळीत: आजच निम्मा माल विमानानं पाठवला तर तारखेआधी पोचेल, त्यावर मी सही करते. तिसऱ्या ओळीत: बदलीचा कागद सोबत आहे. तुझी सही हवी आहे. बस. बार्बेक्यू नाही, थँक्स नाही.

अकरा वाजता तो स्वतः माझ्या टेबलाशी आला. लालबुंद. मेले शिफ्टच्या चार तास आधी येऊन माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसली होती. हाताची घडी घालून.

"हिचं इथे काय काम?" क्रेग म्हणाला.

"तिच्या शिफ्टचा विषय आहे. तिला ऐकू दे."

त्यानं मेलेकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "विमानाचं भाडं माहितीये तुला?"

"माहितीये. दीड वर्षापूर्वी ते शून्य होतं."

त्यानं सही केली. पेन माझ्या टेबलावर आपटलं.

निम्मा माल विमानानं गेला आणि वेळेत पोचला. मार्च संपत आला आणि तिकडच्या शहाण्यांनी तारीखच पुढे ढकलली. आधी दोन आठवडे, मग थेट ऑक्टोबर. क्रेगनं मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "बघितलंस? बोट आरामात पोचली असती."

मला इतका राग कधी आला नव्हता. मी म्हटलं, "हो. आणि हे मला, तुला, त्यांच्या पंतप्रधानबाईंना, कुणालाच फेब्रुवारीत माहीत नव्हतं. तू बरोबर नव्हतास क्रेग, तू वाचलास." उरलेला निम्मा माल अजून लाल स्टिकरखाली होता. तो ढकललेल्या तारखेच्या आत बोटीनं पोचला.

पुढे नेदरलँड्सहून ऑडिटर आला. शिष्ट माणूस. तीन दिवस एकेक फाइल उलटीपालटी केली. चार किरकोळ चुका काढल्या, त्या आम्ही महिन्यात दुरुस्त केल्या. लंडनचा पत्ता छापलेले बॉक्स रीसायकलिंगच्या पिंजऱ्यात गेले. ते टाकताना मेलेनं मला हाक मारून बोलावलं आणि पहिला गठ्ठा माझ्या हातात दिला.

ऑक्टोबरची तारीखही ढकलली गेली. शेवटी ते बाहेर पडले, तेव्हाही वर्षअखेरपर्यंत जुनेच नियम चालतील असं ठरलं. क्रेग अजून पार्टीत सांगतो की एवढी घाई करायची गरज नव्हती. सांगू दे. शेवटची सवलत संपली तेव्हा सर्टिफिकेटसाठीची रांग आणखी लांबली होती, आणि आम्ही तीत नव्हतो.

यातून मी एक शिकले. वाईट बातमी मेलच्या पहिल्या ओळीत लिहायची, आणि ज्यांच्या पोटावर येणार त्यांना त्याच दिवशी सांगायची. ॲग्रेसिव्ह म्हणतात, म्हणू देत.

आमचं नवीन सर्टिफिकेट नेदरलँड्सचं आहे, बॉक्सवरचा पत्ताही तिथलाच, युरोपचा एकही बॉक्स परत आला नाही, आणि दुसऱ्या शिफ्टच्या चौदापैकी एकाचीही नोकरी गेली नाही.